ब्लॅक की दूध घालून? हे आधी कॉफीलाच विचारा

मुंबईत कॉफी विचारायची पद्धत गेल्या काही वर्षांत बदलली. पूर्वी पाहुण्याला ‘चहा की कॉफी’ एवढंच विचारलं जायचं, आणि कॉफी म्हटलं की दूध, साखर आणि वर किसलेलं जायफळ धरूनच चालायचं. आता लगेच पुढचा प्रश्न येतो, ‘ब्लॅक घेणार का?’ हो म्हणणाऱ्याकडे जरा आदराने पाहिलं जातं. ऑफिसच्या पॅण्ट्रीत तर सरळ दोन तट पडलेत. काळी पिणारे म्हणतात, खरी कॉफी ही अशीच प्यायची असते. दूध-साखरवाले ‘मला बाई नाही जात ती कडू’ असं ओशाळून म्हणतात, जणू त्यांची जीभ चौथीतच नापास झाली.

हा सगळा मामला आवडीचा, म्हणून आपण सोडून देतो. आवड आहेच, पण ती दुसऱ्या नंबरला. कपात कुठल्या जातीची कॉफी आहे, ती किती भाजली, तिच्यात काय मिसळलं आणि दूध कुठलं, यावर ‘ब्लॅक जाईल की नाही’ हे बरंचसं आधीच ठरलेलं असतं. काही कॉफ्या दुधासाठीच बनवलेल्या असतात. त्या बिनदुधाच्या पिऊन तोंड वाकडं झालं, तर दोष जिभेचा नाही.

कडूपणापासून सुरुवात करू. कॉफी कडू लागते ती कॅफिनमुळे, असं बहुतेकांना वाटतं. कॅफिन कडू असतं हे खरं, पण कपातल्या एकूण कडूपणात त्याचा वाटा फार तर १५ टक्क्यांच्या आसपास. कॅफिन काढून टाकलेली डीकॅफ कॉफीसुद्धा कडूच लागते, ती म्हणूनच. बाकीचा कडूपणा भट्टीत तयार होतो. कॉफीच्या कच्च्या, हिरवट बीत क्लोरोजेनिक आम्लं भरपूर असतात. बी २०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापली की या आम्लांपासून लॅक्टोन नावाचे पदार्थ बनतात. मध्यम भाजलेल्या कॉफीचा कडूपणा मुख्यतः त्यांचा. तो सोसवतो, आणि घोट गेला की तोही जातो. भाजणं तसंच पुढे रेटलं, तर हे लॅक्टोन मोडून फिनाइलइंडेन गटातली संयुगं तयार होतात. हा कडूपणा जास्त कडक, आणि घोट गिळून झाल्यावरही तोंडात रेंगाळणारा. म्युनिकच्या तंत्रविद्यापीठातल्या थॉमस हॉफमन यांच्या गटाने २००७ साली हा उलगडा मांडला.

म्हणजे एकाच झाडाची एकच बी, भट्टीतल्या शेवटच्या काही मिनिटांच्या फरकाने, नुसती पिण्याजोगी होते किंवा दुधाशिवाय घशाखाली न उतरणारी. आणि गंमत अशी की या मिनिटांत कॅफिन जवळपास तेवढंच राहतं. काळीकुट्ट भाजलेली कॉफी ‘स्ट्राँग’ असते हा समज त्यामुळे चुकीचा. ती जास्त कडू असते, जास्त जागवत नाही. तसंच दुधाचं. जिममधले ट्रेनर व्यायामाआधी ब्लॅक कॉफी घ्यायला सांगतात, त्याने अनेकांना वाटतं की दूध घातलं की कॅफिनचा जोर जातो. एक चमचा पुडीत जेवढं कॅफिन आहे तेवढंच कपात येणार, मग वर दूध घाला नाहीतर पाणी. दुधाने वाढतात त्या कॅलरी, आणि ट्रेनरला टाळायच्या असतात त्याही त्याच.

आता आपल्याकडे मिळणारी कॉफी बघू. कॉफीच्या मुख्य जाती दोन, रोबस्टा आणि अरेबिका. भारतात पिकणाऱ्या कॉफीत साधारण ७० टक्के रोबस्टा आणि उरलेली अरेबिका. यातला मोठा वाटा कर्नाटकातल्या कोडगू, चिकमगळूर, हासन या जिल्ह्यांचा. रोबस्टाच्या बीत कॅफिन अरेबिकाच्या जवळपास दुप्पट असतं, क्लोरोजेनिक आम्लंही जास्त. साखर आणि तेल मात्र कमी. त्यामुळे ती भाजली की कडूपणाला कच्चा माल भरपूर, आणि तो झाकायला घरात फारसं काही नाही. रोबस्टा वाईट असते असं नाही. काळजीपूर्वक पिकवलेली आणि धुतलेली चांगली रोबस्टा असते, आणि ती नुसतीही छान लागते. पण बाजारातल्या स्वस्त पुडीत आणि इन्स्टंटच्या बरणीत जी रोबस्टा येते ती सहसा त्यातली नव्हे. इन्स्टंटवाल्यांना ती परवडते, कारण ती स्वस्त पडते आणि पाण्यात उतरणारा अंश तिच्यातून जास्त निघतो.

मग येते चिकोरी. ही कॉफी नव्हेच. निळ्या फुलांच्या एका झाडाचं मूळ वाळवून, भाजून, दळून केलेली पूड. आपल्याकडे गुजरात आणि उत्तर प्रदेशात पिकते. तिच्यात कॅफिन शून्य. भाजल्यावर जळक्या साखरेसारखा स्वाद, गडद रंग आणि दाटपणा मात्र ती भरपूर देते. नेपोलियनच्या काळात नाकेबंदीमुळे फ्रान्समध्ये कॉफी मिळेना, तेव्हा चिकोरी तिथे घराघरांत पोचली, आणि टंचाई संपली तरी चव राहिली. मुंबईलाही ही चव फार जुनी. पेस्तनजी एदलजी दलाल या पारशी गृहस्थांनी १८८८ साली इथे कॉफी दळून विकायला सुरुवात केली. तीच पुढे लोण्यासाठी नावाजलेली पोलसन कंपनी. लोणी नंतर आलं, आधी कॉफी. त्यांची ‘फ्रेंच कॉफी’ चिकोरी मिसळलेली होती. दादर-गिरगावातल्या आज्या-पणज्यांना कॉफी म्हणून जो वास आठवतो, त्यात चिकोरीचा वाटा बराच असणार.

आपल्या कायद्याप्रमाणे कॉफी-चिकोरी मिश्रणात चिकोरी ४९ टक्क्यांपर्यंत चालते, आणि किती टक्के ते पाकिटावर छापावं लागतं. सुपरमार्केटच्या फळीवर दोन बरण्या शेजारी शेजारी असतात, दिसायला सारख्याच. एकीवर १०० टक्के कॉफी लिहिलेलं असतं, दुसरीवर बारीक अक्षरांत ७०:३० किंवा ५३:४७. दुसरी उचलून घरी गरम पाण्यात ढवळायची आणि म्हणायचं, ‘ब्लॅक कॉफी माझ्याच्याने नाही होत.’ कशी होईल? निम्मा कप भाजलेल्या मुळाचा काढा आहे तो. ते मिश्रण दूध आणि साखर धरूनच तयार केलेलं असतं. त्या दोन गोष्टी घातल्या की तेच इतकं सुरेख लागतं की माटुंग्याला किंग्ज सर्कलच्या आसपासच्या दाक्षिणात्य हॉटेलांबाहेर रविवारी सकाळी लोक रांगेत उभे राहतात.

दूध कपात नेमकं काय करतं, हे जरा सावकाश बघण्यासारखं आहे. दुधातलं केसीन हे प्रथिन कॉफीतल्या क्लोरोजेनिक आम्लासारख्या पदार्थांना चिकटून बसतं. मग ते जिभेपर्यंत पूर्ण ताकदीने पोचत नाहीत, आणि तोंड आवळल्यासारखं होतं तेही कमी होतं. दुधाची साय, म्हणजे स्निग्धांश, जिभेवर पातळ थर धरते. शिवाय कॉफीच्या सुगंधाचे बरेच रेणू पाण्यापेक्षा तेलात जास्त रमतात. ते सायीत अडकतात आणि नाकापर्यंत कमी पोचतात. कॉफीच्या वासात शेकडो वेगवेगळे रेणू मोजले गेलेत, आणि आपण जिला चव म्हणतो ती बरीचशी तोंडाच्या मागून नाकात चढणाऱ्या वासाचीच असते. सर्दी झाली की कॉफी नुसतीच कडू आणि गरम लागते, ते यामुळे. थोडक्यात, दूध कडूपणा कापतं आणि त्याच हाताने सुगंधही कापतं. कडूपणाच जास्त असेल तर सौदा फायद्याचा. सुगंधासाठी पैसे मोजले असतील तर तोट्याचा.

त्यात मुंबईचं दूध. गाईच्या दुधात स्निग्धांश साडेतीन-चार टक्के, म्हशीच्या दुधात सहा-सात टक्के, आणि केसीनही जास्त. गोरेगाव-जोगेश्वरीकडच्या तबेल्यांतून येणारं दूध म्हशीचं. पिशवीच्या फुल क्रीम दुधातही स्निग्धांश किमान ६ टक्के, टोन्डमध्ये ३. या दाट दुधाला तोंड द्यायला कॉफीही तशीच दणकट लागते: रोबस्टा, गडद भाजलेली, चिकोरीवाली, स्टीलच्या फिल्टरमधून थेंब थेंब उतरलेलं घट्ट डिकॉक्शन. दक्षिणेतल्या लोकांनी ही जोडी पिढ्यान्‌पिढ्या घोटून बसवली आहे, आणि मुंबईत ती त्यांच्याबरोबर आली. याउलट, हलकी भाजलेली, फुला-फळांचा वास असलेली महागडी अरेबिका आणायची आणि तिच्यात तबेल्याचं दूध उकळून घालायचं, म्हणजे पैसे शब्दशः दुधात. हे मी उपहासाने म्हणत नाही. मला ते दूध फार आवडतं, पण त्याच्यासाठी स्वस्त कॉफीच बरी.

हल्ली बदामाचं किंवा सोयाचं दूध घालणारेही आहेत, आणि कपात गुठळ्या झाल्या की ते कॅफेवाल्यावर चिडतात. कॉफी थोडी आंबट असते आणि गरमही. हलकी भाजलेली जास्तच आंबट. आम्ल आणि उष्णता एकत्र आली की वनस्पतीचं दूध गाई-म्हशीच्या दुधापेक्षा लवकर फाटतं. कॉफी जराशी निवू दिली किंवा मध्यम-गडद भाजलेली घेतली, तर बहुतेक वेळा निभावतं.

साखरेचं गणित सोपं. गोड चव मेंदूत कडू चवीला दाबते. कारल्याच्या भाजीत गूळ घालणाऱ्या घरात हे वेगळं सांगायला नको. मिठाचं मात्र बहुतेकांना माहीत नसतं. कडूपणा दाबण्यात मीठ फार वाकबगार. पॉल ब्रेस्लिन आणि गॅरी बोशाँ यांनी १९९७ साली दाखवलं की सोडियम कडूपणा कमी करतं आणि त्यामुळे दबलेली गोडी वर येते. खूप कडू झालेल्या काळ्या कॉफीत मिठाचे चार कण, खारट लागणार नाहीत इतकेच, टाकून बघा. ऐकायला विचित्र वाटतं, पण चालतं.

जायफळाचं कोडं मला जास्त आवडतं. आपल्या मराठी घरातल्या कॉफीत ते कुठून शिरलं असेल ते असो, पण काम चोख करतं. व्हॅनिलासारखे गोड पदार्थांशी जोडले गेलेले वास आपली गोडपणाची जाणीव वाढवतात, हे प्रयोगांत दिसलेलं आहे. जायफळ-वेलची आपल्याला भेटते ती श्रीखंडात, बासुंदीत, पुरणात. त्यामुळे मराठी नाकाला तो वास आला की जीभ गोडाची तयारी करत असावी, असा माझा अंदाज. एरवी दीड चमचा साखर लागते तिथे जायफळ असलं की एक पुरतो का, हे घरी करून बघण्यासारखं आहे.

आता माणसाकडे वळू. माणसाच्या जिभेवर कडू ओळखणारे २५ च्या आसपास प्रकारचे ग्राहक, म्हणजे चव टिपणारे रिसेप्टर, असतात. गोड ओळखायला एकच जोडी पुरते, कडूला एवढे, कारण निसर्गात विषारी वनस्पती बहुधा कडू असतात. कॅफिनसुद्धा झाडाने किडींना दूर ठेवायला बनवलेलं रसायन. या ग्राहकांची जनुकं प्रत्येकात थोडी वेगळी असतात. हे कळलं ते योगायोगाने. १९३१ साली अमेरिकेत ड्यूपॉण्टच्या प्रयोगशाळेत आर्थर फॉक्स पीटीसी नावाची पूड हाताळत होते. ती हवेत उडाली आणि शेजारच्या सहकाऱ्याने तक्रार केली, काय कडू आहे हे! फॉक्सना काहीच लागेना. पुढे दिसलं की काही लोकांना हे रसायन जहर कडू लागतं, काहींना खडूसारखं बेचव, आणि हा फरक आईवडिलांकडून येतो.

यावरून वाटेल की ज्यांना कॅफिन जास्त कडू लागतं ते कॉफीपासून लांब पळत असतील. २०१८ मध्ये मॅरिलिन कॉर्नेलिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ब्रिटनमधल्या चार लाखांहून जास्त लोकांची माहिती तपासली, तर उलटंच निघालं. कॅफिनचा कडूपणा ज्यांना जनुकांमुळे जास्त जाणवतो, ते कॉफी जास्त पीत होते. मलेरियावरच्या क्विनाइनसारख्या दुसऱ्या प्रकारचा कडूपणा ज्यांना जास्त जाणवतो, ते कॉफी कमी आणि चहा जास्त. याचा एक अर्थ असा लावला जातो की कॅफिनची चव ज्यांना नीट ओळखू येते, ते तिची सांगड नंतर येणाऱ्या तरतरीशी घालतात. मेंदू शिकतो, हा कडूपणा आला की थोड्या वेळात बरं वाटणार.

२०२१ मध्ये कॉर्नेलिस यांच्याच गटाने आणखी एक धागा काढला. ज्यांच्या शरीरात कॅफिनचा निचरा जनुकांमुळे झपाट्याने होतो, त्यांच्यात ब्लॅक कॉफीची आणि डार्क चॉकलेटची आवड जास्त दिसली. चवीचं जनुक नव्हे, निचऱ्याचं. त्यांची तरतरी लवकर उतरते, म्हणून ते जास्त कॉफी घेतात, आणि जास्त घेता घेता कडूपणाची गोडी लागते, असा तर्क. अर्थात हा लाखो लोकांच्या सरासरीतला कल आहे. तुमच्या सासूबाई दूध का घालतात याचं उत्तर त्यातून मिळणार नाही.

सवयीचं बळ जनुकांहून कमी नाही. कडू चव बाळांना उपजतच नको असते, आणि तरी मोठेपणी कारलं, मेथी, कॉफी सगळं चालतं. मार्टिन योमन्स या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने अनोळखी चवीच्या पेयांत कॅफिन मिसळून बघितलं. एरवी कॅफिन घेणाऱ्यांना ती अनोळखी चव काही दिवसांत जास्त आवडू लागली. साधं कारण: शरीराला फायदा झाला की जीभ नंतर होकार देते. म्हणूनच जो परीक्षेच्या रात्री किंवा नाइट शिफ्टला कॉफी प्यायला शिकतो, तो कडूपणाशी लवकर जुळवून घेतो. रविवारी दुपारी गप्पांसाठी शिकणाऱ्याला बहुधा दूध लागतं.

ब्लॅक कॉफी पिणारे मनोरुग्ण वृत्तीचे असतात, असा एक मेसेज अजून फॅमिली ग्रुपवर फिरतो. त्याचं मूळ २०१५ चा ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुक विद्यापीठाचा अभ्यास. त्यांनी अमेरिकेतल्या सुमारे ९५० लोकांना कडू पदार्थांची आवड आणि स्वभावाचे प्रश्न विचारले. दोन्हींत थोडासा संबंध दिसला, आणि तोही कडू पदार्थांच्या एकूण आवडीचा, एकट्या काळ्या कॉफीचा नव्हे. वर सगळं लोकांनी स्वतःबद्दल सांगितलेलं. वर्तमानपत्रांनी त्यातून चटपटीत मथळा काढला. तेव्हा कोणाच्या ब्लॅक कॉफीवरून लग्नाची बोलणी मोडू नका.

तब्येतीच्या दृष्टीने दोन-तीन गोष्टी पटकन. नुसत्या काळ्या कॉफीत कपाला पाचेक कॅलरी. वजन वाढतं ते दुधाने आणि त्याहून साखरेने. चार कप आणि प्रत्येकात दोन चमचे म्हणजे दिवसाची ३०-४० ग्रॅम साखर, आणि जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला शक्य तर २५ ग्रॅमच्या आत राहण्याचा. निरोगी प्रौढाला दिवसाला ४०० मिलिग्रॅमपर्यंत कॅफिन चालतं, गरोदर बाईला २०० पर्यंत. घेतलेल्या कॅफिनपैकी निम्मं उतरायला साधारण पाच तास लागतात, त्यामुळे संध्याकाळी सहाची कॉफी रात्री अकरालाही अर्धी अंगात असते. गरोदरपणात हा वेळ बराच लांबतो. दुधाने पोट गुबारत असेल तर काळी घेऊन बघावी. काळीने जळजळत असेल तर रिकाम्या पोटी घेऊ नये. आणि रक्त कमी असलेल्या बायकांनी जेवणाबरोबर किंवा जेवणानंतर लगेच कॉफी टाळावी, कारण ती अन्नातलं बरंचसं लोह शरीरात जाऊ देत नाही. इथे काळी की दुधाची याने विशेष फरक पडत नाही.

ब्लॅकची चव कळून घ्यायची इच्छा असेल, तर घरातली चिकोरीवाली बरणी त्या कामाला लावू नका. ती दुधासाठी राहू दे. माटुंग्याला समोर दळून देणारी कॉफीची दुकानं आहेत. तिथे पाटीवर ‘प्लांटेशन ए’, ‘पीबी’, ‘रोबस्टा’ असं काही लिहिलेलं दिसेल. प्लांटेशन म्हणजे धुतलेली अरेबिका, ए हा दाण्याच्या आकाराचा दर्जा. पीबी म्हणजे पीबेरी: फळात एरवी दोन चपट्या बिया असतात, कधी एकच गोल वाढते, ती. काउंटरवरचा माणूस सवयीने ‘एटी-ट्वेंटी?’ विचारेल, म्हणजे ८० टक्के कॉफी, २० टक्के चिकोरी. त्याला सांगायचं, प्युअर, चिकोरी नको, मध्यम भाजलेली. कशात करणार ते सांगा, म्हणजे दळण त्याप्रमाणे मिळेल. कागदाच्या फिल्टरला जरा जाडसर, स्टीलच्या फिल्टरला बारीक.

पाणी खळखळ उकळतं घालू नका. गॅस बंद करून मिनिटभर थांबा. कपाला १० ग्रॅम पूड, म्हणजे साधारण दोन मोठे चमचे, आणि दीडशे मिलिलिटर पाणी. झाल्यावर लगेच पिऊ नका, थोडी निवली की चव उघडते. एकदम साखर सोडण्याचा हट्टही नको, आठवड्याला पाव चमचा कमी केली तरी जीभ जुळवून घेते. आणि हे सगळं करूनही दुधाचीच बरी वाटली, तर तीच पूड थोडी जास्त घेऊन घट्ट करा आणि टोन्ड दूध घाला. दळून घेताना १०० ग्रॅमच्या वर घेऊ नका. दळलेल्या कॉफीचा वास दोन आठवड्यांत उतरतो, आणि जून ते सप्टेंबर आपल्या दमट हवेत त्याच्याही आधी.